कारभारी गैरहजर असतां

वाड्याचा मालक आणि वाड्याचा कारभारी हे दोघे एक नव्हेत, हें कोणासहि समजावून सांगावें लागत नाहीं. कारभारी आलेल्याची चौकशी करतो, कागद पाहतो, कोठीची किल्ली द्यावी कीं न द्यावी तें ठरवितो. पण हें सारें तो मालकाच्या नांवानें करतो. एखादे दिवशीं कारभारी गांवीं गेला, म्हणून मालकाची मालकी सुटत नाहीं. घरोघरीं आलेल्या संगणकाच्या बाबतींत मात्र सुशिक्षित मनुष्यहि हा भेद विसरतो. पडद्यावर ‘परवानगी नाहीं’ अशीं अक्षरें उमटलीं, किंवा दाबावयाचें बटण फिकट होऊन निर्जीव पडलें, कीं आपला हक्कच संपला असें त्याला वाटूं लागतें; आणि मग कोणीं तरी सांगितलेला भलताच उपाय करून तो घराचीं दारें सताड उघडीं टाकतो. लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत प्रवेशाची व्यवस्था बदलावयाची आहे, आणि परवानगी देणारी सेवा जाग्यावर नाहीं, अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

अशी कल्पना करावी कीं, एका घरांत संगणक एकच आहे. वडील माणसें त्यावर वर्तमानपत्र वाचतात, दूरदेशीं असलेल्या लेकीशीं बोलतात. मुलगा कचेरीचें काम करतो. नातवंडें अभ्यास करतात. प्रत्येकाचें खातें निराळें, प्रत्येकाचा परवलीचा शब्द निराळा. पुढें आजोबांची नजर मंद झाली, बोटें थरथरूं लागलीं, आणि दहाबारा अक्षरांचा शब्द न चुकतां कळफलकावर उमटविणें त्यांना जड जाऊं लागलें. तेव्हां यंत्र सुरू होतांच त्यांचें खातें आपोआप उघडावें, असें घरांत ठरतें. अशी इच्छा धरण्यांत गैर कांहीं नाहीं, आणि लिनक्समध्यें तशी सोयहि आहे. ग्नोम ह्या प्रचलित डेस्कटॉपवर ‘सेटिंग्ज’च्या खिडकींत खात्यांच्या पानावर ‘अनलॉक’ नांवाचें बटण असतें. तें दाबलें म्हणजे परवलीचा शब्द विचारला जातो, व नंतर स्वयंचलित प्रवेशाची खूण करतां येते. पण एखादे वेळीं बटण दाबूनहि शब्द विचारलाच जात नाहीं. येथें घोटाळ्यास आरंभ होतो.

ह्या घोटाळ्याचें मूळ समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. लिनक्सची घडण युनिक्सच्या धर्तीवर झालेली आहे. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांच्या हातून झाला. त्या काळीं एकेका यंत्रावर अनेक माणसें काम करीत. म्हणून कोणती फाइल कोणाची, ती कोणीं वाचावी आणि कोणीं बदलावी, ह्याची नोंद प्रत्येक फाइलीबरोबरच ठेवण्याची पद्धत पडली. सर्वांवर एक खातें असें ठेवलें कीं, ज्याला कोठेंच मज्जाव नाहीं. त्याचें नांव ‘रूट’, म्हणजे मूळ. त्याचा अनुक्रमांक शून्य. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हां हीच व्यवस्था त्यानें स्वीकारली. आजहि लिनक्सवर चालणाऱ्या यंत्राचा मालक म्हणजे हा शून्य क्रमांकाचा रूटच होय.

सदासर्वदा मालकाच्या वेषांत वावरणें धोक्याचें असतें. हातून झालेली लहानशी चूकहि मग सबंध वाड्याला भोंवते. म्हणून कामापुरता अधिकार घेण्याच्या युक्त्या निघाल्या. ‘सु’ ही आज्ञा रूटचा परवलीचा शब्द विचारते आणि तो बरोबर असल्यास रूटचा अधिकार देते. तिच्यांत उणीव अशी कीं, ज्याला ज्याला काम पडेल त्याला त्याला मालकाचा गुप्त शब्द सांगून ठेवावा लागतो. ही उणीव दूर करण्यासाठीं १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनीं ‘सुडो’ ही आज्ञा तयार केली. सुडो मनुष्याला त्याचा स्वतःचाच शब्द विचारते, अधिकाऱ्यांच्या यादींत त्याचें नांव आहे कीं नाहीं तें पाहते, आणि असल्यास सांगितलेलें काम रूटच्या अधिकारानें करूं देते. ह्या दोन्ही आज्ञांच्या मुळाशीं रिची ह्यांची एक कल्पना आहे. एखाद्या कार्यक्रमावर विशेष खूण केली म्हणजे तो चालविणाऱ्याच्या अधिकारानें न चालतां, ज्याच्या मालकीचा असेल त्याच्या अधिकारानें चालतो. ह्या कल्पनेचें पेटंट १९७९ सालीं मंजूर झालें.

पुढें खिडक्या, चित्रें आणि बटणें ह्यांचा डेस्कटॉप आला, तेव्हां ही तजवीज अपुरी भासूं लागली. सेटिंग्जची सबंध खिडकी रूटच्या अधिकारानें चालविणें म्हणजे एका खोलींत दिवा लावण्यासाठीं साऱ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा नोकराच्या हातीं देण्यासारखें आहे. ह्यावर जो उपाय निघाला त्याचें नांव आरंभीं ‘पॉलिसीकिट’ होतें. २०१२ सालापासून तें ‘पॉलकिट’ असें झालें. हाच आपल्या वाड्याचा कारभारी. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. खिडकी स्वतः कांहींच बदलीत नाहीं. ती पडद्याआडच्या एका सेवेला विनंती करते. खात्यांचें काम पाहणारी ही सेवा रूटच्या अधिकारानें चालते. पण विनंती येतांच ती पॉलकिटला विचारते, ‘अमक्याला अमुक करावयाचें आहे; करूं द्यावें काय?’ पॉलकिट आपले नियम पाहून तिहींपैकीं एक उत्तर देतो: होय, नाहीं, किंवा परवलीचा शब्द बरोबर आल्यास होय. तिसऱ्या उत्तराच्या वेळीं शब्द विचारणारी जी लहान खिडकी पडद्यावर येते, ती आणण्याचें काम पॉलकिटचा एक निराळा मदतनीस करतो. सारांश, विचारणारा एक, ठरविणारा दुसरा, करणारा तिसरा, अशी ही श्रमविभागणी आहे.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे कारभारी गैरहजर असण्याचे प्रकारहि सहज कळतात. कित्येक आटोपशीर मांडणीच्या यंत्रांवर पॉलकिट मुळांत बसविलेलाच नसतो. कांहीं ठिकाणीं तो असतो, पण कांहीं बिघाडामुळें बंद पडलेला असतो. कांहीं ठिकाणीं कारभारी जागा असतो, पण मदतनीस नसतो; ग्नोम किंवा केडीई ह्यांसारखे मोठे डेस्कटॉप मदतनीसाची योजना स्वतःच करतात, परंतु ओपनबॉक्ससारखी हलकी व्यवस्था वापरणाऱ्यास तो आपण होऊन सुरू करावा लागतो. ह्या शेवटच्या प्रकारांत मदतनीस सुरू केला कीं काम भागतें. अधिक खटाटोपाचें कारण नाहीं.

आणखी एक प्रकार आहे, तो बुद्धिपुरस्सर कारभाऱ्याचे हात बांधण्याचा. पॉलकिटबरोबर ‘पीके-एक्झेक’ नांवाचें एक साधन येतें, व त्यावर वर सांगितलेली विशेष खूण असते. २०२२ च्या जानेवारींत क्वालिस ह्या कंपनीच्या संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, त्या साधनांतील एका चुकीमुळें साध्या खात्याचा कोणीहि मनुष्य परवलीच्या शब्दावांचून रूट होऊं शकतो. आणि ही चूक त्या साधनाच्या २००९ मधील पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, त्यांत दडून होती. दुरुस्त आवृत्ती हातीं येईपर्यंत साधनावरील विशेष खूण काढून टाकावी, असा तात्पुरता उपाय त्या वेळीं सुचविण्यांत आला. ज्यांनीं तो केला त्यांच्या यंत्रांवर ह्या साधनाच्या आधारानें चालणारीं बटणें अर्थातच निकामी झालीं. ती चूक आतां दुरुस्त झालेली आहे. परंतु कारभारी म्हणजे मालक नव्हे, आणि कारभाऱ्याच्या हातूनहि चूक होऊं शकते, हा धडा त्या प्रसंगानें दिला.

आतां मुख्य मुद्दा. ‘अनलॉक’ दाबून, शब्द देऊन, खूण करून शेवटीं घडतें तरी काय? ती पडद्याआडची सेवा एका साध्या मजकुराच्या फाइलींत एकदोन ओळी लिहिते. ह्यापलीकडे त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. ती फाइल रूटच्या मालकीची असते. वाचावयास सर्वांना मोकळी, लिहावयास एकट्या रूटला. म्हणून ज्याला ‘सु’ किंवा ‘सुडो’च्या योगानें रूटचा अधिकार रीतसर मिळतो, त्याला ह्या कामीं पॉलकिटची गरज नाहीं. तो कारभाऱ्याला चुकवून मागील दारानें शिरत नाहीं. कारभारी ज्याच्या नांवानें हुकूम देतो, त्याच मालकाच्या अधिकारानें तो समोरून जातो. उलटपक्षीं, ज्याला रूटचा शब्द ठाऊक नाहीं आणि सुडोच्या यादींतहि ज्याचें नांव नाहीं, त्यानें कारभारी नाहीं म्हणून फट शोधीत बसूं नये. यंत्र कचेरीचें वा शाळेचें असेल, तर त्याच्या व्यवस्थापकास विचारावें, हाच सरळ मार्ग होय.

काम हातीं घेण्यापूर्वीं आपल्या यंत्राच्या देवडीवर कोणता द्वारपाल आहे तें पाहावें. प्रवेशाचा पडदा दाखविणारे कार्यक्रम अनेक आहेत. त्यांपैकीं तीन विशेष आढळतात: ग्नोमबरोबर येणारा जीडीएम, केडीईबरोबर पुष्कळ ठिकाणीं असणारा एसडीडीएम, आणि हलक्या डेस्कटॉपांवर दिसणारा लाइटडीएम. यंत्रावरील व्यवस्थेच्या फाइली ‘ईटीसी’ नांवाच्या फोल्डरांत ठेवण्याचा लिनक्सचा रिवाज आहे. डेबियन व तिच्या कुळांतील वितरणांत त्याच फोल्डरांतील ‘एक्स-अकरा’ ह्या पोटफोल्डरांत ‘डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर’ नांवाची फाइल असते, व तींत द्वारपालाचें नांव एका ओळींत लिहिलेलें असतें. पुढें दिलेले सर्व शब्द यंत्रावर रोमन लिपींतच लिहावयाचे असतात, हें वेगळें सांगावयास नको.

जीडीएमची फाइल उबंटूमध्यें ‘जीडीएम-तीन’ ह्या फोल्डरांत, तर फेडोरामध्यें नुसत्या ‘जीडीएम’ फोल्डरांत असते, व तिचें नांव ‘कस्टम डॉट कॉन्फ’. डेबियनमध्यें हिच्या जागीं ‘डीमन डॉट कॉन्फ’ असें नांव आढळतें. फाइलींत चौकोनी कंसांत ‘डीमन’ असा मथळा असतो. त्या मथळ्याखालीं दोन ओळी हव्यात. पहिलींत ‘ऑटोमॅटिक-लॉगिन-एनेबल’, बरोबरचें चिन्ह, आणि ‘ट्रू’. दुसरींत ‘ऑटोमॅटिक-लॉगिन’, बरोबरचें चिन्ह, आणि खात्याचें नांव. येथें संयोगचिन्हें केवळ उच्चाराच्या सोयीसाठीं घातलीं आहेत. फाइलींत हे शब्द सलग असून प्रत्येक पदाचें पहिलें अक्षर मोठें असतें. पुष्कळदां ह्या ओळी आधींच लिहून ठेवलेल्या असतात, पण त्यांच्या आरंभीं ‘हॅश’चें चिन्ह असल्यामुळें त्या निद्रिस्त असतात. तें चिन्ह पुसून नांव भरलें कीं त्या जाग्या होतात.

लाइटडीएमची फाइल ‘लाइटडीएम’ फोल्डरांत ‘लाइटडीएम डॉट कॉन्फ’ ह्या नांवानें असते. तींत ‘सीट’, अपूर्णविराम आणि तारांकन असा मथळा आहे. त्याखालीं ‘ऑटोलॉगिन-यूजर’ ह्या शब्दापुढें खात्याचें नांव लिहावें. येथील संयोगचिन्ह मात्र खरोखरीचें आहे. आर्चसारख्या वितरणांत एवढ्यानें भागत नाहीं. तें खातें ‘ऑटोलॉगिन’ नांवाच्या गटांत घालावें लागतें. एसडीडीएमसाठीं ‘एसडीडीएम डॉट कॉन्फ डॉट डी’ ह्या फोल्डरांत एक छोटी फाइल करून, ‘ऑटोलॉगिन’ ह्या मथळ्याखालीं ‘यूजर’पुढें खात्याचें नांव व ‘सेशन’पुढें डेस्कटॉपचें नांव लिहावें लागतें.

हें लिखाण करण्याची रीतहि सांभाळावी. आधीं ‘सीपी’ ह्या आज्ञेनें मूळ फाइलीची एक प्रत काढून ठेवावी. मग ‘सुडोएडिट’ ही आज्ञा देऊन फाइल उघडावी. ही आज्ञा फाइलीची तात्पुरती नक्कल मनुष्याच्या स्वतःच्या अधिकारानें बदलूं देते, व पुरी झालेली नक्कल तेवढी रूटच्या अधिकारानें मूळ जागीं ठेवते. ती नसल्यास सुडोबरोबर ‘नॅनो’ हा साधा संपादक वापरावा. खिडक्यांचा मोठा संपादक सुडोनें उघडणें टाळावें; तसें केल्यानें घरच्या फोल्डरांतील कांहीं लपलेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात, आणि मग शब्द बरोबर देऊनहि प्रवेशाचा पडदा पुन्हां पुन्हां तोच दिसत राहतो, असा अनुभव अनेकांस आलेला आहे. बदल पुढच्या वेळीं यंत्र सुरू होतांना अमलांत येतो. घाईनें द्वारपालाची सेवा तेथल्या तेथें पुन्हां सुरू केल्यास उघडीं असलेलीं सर्व कामें त्याच क्षणीं बंद पडतात, व न जपलेलें लिखाण नाहींसें होतें. कांहीं बिनसलेंच, तर कंट्रोल, आल्ट व एफ-तीन ह्या कळा एकदम दाबल्यास बहुतेक यंत्रांवर अक्षरांचा साधा पडदा येतो. तेथून प्रवेश करून जपून ठेवलेली प्रत पूर्ववत् जागीं ठेवावी.

आतां करूं नये तें. ‘परवानगी नाहीं’ ही कटकट कायमची मिटावी म्हणून कांहीं लोक ती फाइल सर्वांना लिहावयास मोकळी करून टाकतात. ह्याचा परिणाम काय होतो तें नीट समजून घ्यावें. त्यानंतर घरांतील कोणीहि, किंबहुना कोणाच्याहि खात्यांतून चालणारा एखादा खोडसाळ कार्यक्रमहि, त्या ओळींतील आजोबांचें नांव पुसून मुलाचें नांव लिहूं शकतो. दुसऱ्या दिवशीं यंत्र सुरू झालें कीं मुलाचें खातें, त्याच्या कचेरीच्या कागदपत्रांसह, परवलीच्या शब्दावांचून उघडें! ज्या नांवाचें दार उघडावयाचें तें नांव कोणीं लिहावें, हाच तर सारा अधिकार आहे. तो वाटून टाकला म्हणजे बाकीच्या कुलुपांना अर्थ उरत नाहीं. रूट ह्या नांवानेंच डेस्कटॉपवर प्रवेश करून बसणें हाहि तसाच दुसरा अविचार. तेथें उघडलेलें प्रत्येक पत्र आणि प्रत्येक संकेतस्थळ मालकाच्या अधिकारानें उघडतें.

रीतसर केलेल्या स्वयंचलित प्रवेशाचींहि कांहीं फळें आधीं ओळखून ठेवावींत. मनुष्य जो शब्द देतो, त्यानेंच त्याच्या निरनिराळ्या परवल्यांची साठवण करणारी ‘की-रिंग’ नांवाची पेटी उघडत असते. शब्द दिलाच नाहीं तर पेटी बंद राहते, आणि थोड्याच वेळानें एखादा कार्यक्रम ती उघडण्यासाठीं शब्द मागूं लागतो. ह्या त्रासाला कंटाळून पेटीचा शब्दच कोरा ठेवणारे लोक आहेत. तसें केल्यास आंतील परवल्या सांकेतिक लिपींत न राहतां उघड्या लिहिल्या जातात. दुसरें असें कीं, ज्याचें खातें आपोआप उघडतें त्याच्या नांवानें वागण्यास यंत्रापुढें बसणारा कोणीहि मोकळा असतो. म्हणून असें खातें सुडोच्या यादींत नसावें, आणि त्यांत पेढीचे व्यवहार वा महत्त्वाचे दस्तऐवज ठेवूं नयेत. उचलून नेतां येईल अशा यंत्रावर तर ही सोय करूंच नये.

एक मधला मार्गहि उपलब्ध आहे. जीडीएमच्या त्याच फाइलींत ‘टाइम्ड-लॉगिन’ नांवाच्या ओळी असतात. त्यांच्या योगानें प्रवेशाचा पडदा ठरलेले कांहीं सेकंद वाट पाहतो. तेवढ्यांत कोणीं आपलें नांव निवडलें तर त्याला त्याचा शब्द विचारतो, आणि कोणीं कांहींच केलें नाहीं तर नेमून दिलेलें खातें उघडतो. ज्या घरांत एकाच यंत्रावर अनेकांचें काम चालतें, तेथें हीच योजना अधिक सोयीची. आजोबांना कांहीं करावें लागत नाहीं, मुलाला आपलें नांव निवडावयास अवधि मिळतो, आणि नातवंडांच्या हातीं दुसऱ्याचें दप्तर लागत नाहीं.

कारभाऱ्यावांचून काम होतें. पण कारभारी जी चौकशी करीत होता ती त्याच्या गैरहजेरींत मालकाला स्वतः करावी लागते. हा बदल कोणासाठीं आहे, तो किती हवा, आणि त्यानें आणखी कोणाचें दार उघडें पडेल, हे तीन प्रश्न पॉलकिट असो वा नसो, फाइलींत ओळ लिहिण्यापूर्वीं विचारलेच पाहिजेत. फाइल दोन मिनिटांत बदलतां येते. त्या दोन मिनिटांच्या आधीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पांच मिनिटें ह्या प्रश्नांना दिलीं, तर आजोबांची सोय होते आणि कोणाचाहि विश्वास मोडत नाहीं.